जागतिक वारसास्थळं बघायची आणि मोजायची: यादी हातात घेण्यापासून वही भरेपर्यंत

अष्टविनायक, बारा ज्योतिर्लिंगं, साडेतीन शक्तिपीठं. यात्रा ‘पुरी’ करायची सवय आपल्याकडे घराघरात आहे. गड मोजणारे तर गल्लोगल्ली सापडतात. त्यामुळे युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांची यादी एकदा हातात पडली की मराठी माणसाला तिचा नाद लागायला वेळ लागत नाही. अडचण एकच येते. अष्टविनायकांतले गणपती कोणते, यावर वाद नसतो. इथे मात्र ‘मी हे पाहिलं’ म्हणजे नक्की काय पाहिलं, हे आधी ठरवावं लागतं. लोणावळ्याला दोन दिवस राहून आलो, तर पश्चिम घाट झाला का? रोज सीएसएमटीहून लोकल पकडणाऱ्याने ते स्थळ पाहिलं का? कर्नाटकातल्या बदामीची लेणी पाहून शेजारच्या पट्टदकलसमोर खूण करायची का?

माझं मत स्वच्छ आहे. जमवायचा छंद उत्तम आहे, कारण तो माणसाला एरवी जिथे गेलाच नसता तिथे नेतो. पण ती जागा यादीत कशासाठी घेतली आहे हे न वाचता केलेली खूण फार काळ समाधान देत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या त्या क्रमाने दिल्या आहेत. आधी वाचन, मग नियम, मग वही आणि त्यानंतर प्रवास.

पायरी पहिली: यादी कुठली, ते पक्कं करा

ईजिप्तमध्ये नाईल नदीवर आस्वानचं मोठं धरण व्हायचं ठरलं तेव्हा अबू सिंबेलची देवळं पाण्याखाली जाणार होती. अनेक देशांनी पैसा आणि माणसं दिली आणि १९६४ ते १९६८ या काळात ती देवळं कापून, तुकड्यातुकड्यांनी वर नेऊन पुन्हा उभी केली गेली. एखाद्या देशातली वास्तू साऱ्या जगाची जबाबदारी असू शकते, हा विचार त्यातून बळावला आणि १९७२ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा करार झाला. पहिली बारा स्थळं १९७८ मध्ये नोंदली गेली. त्यांत गालापागोस बेटं होती, इथिओपियातली लालिबेलाची खडकात कोरलेली चर्च होती, पोलंडमधली व्हिएलिच्काची मिठाची खाण होती आणि अमेरिकेतलं यलोस्टोनही होतं.

जुलै २०२५ मध्ये पॅरिसला झालेल्या बैठकीनंतर यादीत १७० देशांतली १२४८ स्थळं आहेत. त्यांपैकी सांस्कृतिक ९७२, नैसर्गिक २३५ आणि दोन्ही निकषांत बसणारी मिश्र ४१. भारत १९७७ मध्ये करारात सामील झाला. १९८३ मध्ये आपली पहिली चार नावं लागली: अजिंठा, वेरूळ, ताजमहाल आणि आग्र्याचा किल्ला. पहिल्या चारांतली दोन आपल्या एकाच जिल्ह्यातली आहेत. आज भारताची ४४ स्थळं आहेत. सांस्कृतिक ३६, नैसर्गिक ७ आणि मिश्र एकच, ते म्हणजे सिक्कीममधलं कांचनजंगा राष्ट्रीय उद्यान.

घोळ होतो तो शेजारच्या याद्यांमुळे. अमूर्त वारशाची यादी वेगळी आहे. योग, कुंभमेळा, कोलकात्याची दुर्गापूजा आणि गुजरातचा गरबा ही नावं त्या यादीतली. लोणार सरोवर २०२० मध्ये रामसर पाणथळींच्या यादीत गेलं, पण ते जागतिक वारसास्थळ नाही. शिवाय प्रत्येक देश पुढे मांडण्यासाठी एक संभाव्य यादी देऊन ठेवतो. माथेरानची गाडी त्या यादीत आहे. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–शिमला या तीन रेल्वे मिळून जी नोंद झाली आहे, तिच्यात माथेरान नाही. बातम्यांमध्ये ‘युनेस्कोची मोहोर’ असं सगळ्यांनाच म्हणतात, त्यामुळे अधिकृत संकेतस्थळावरचं स्थळाचं पान उघडूनच खात्री करा. प्रत्येक स्थळाला तिथे कायमचा क्रमांक असतो. अजिंठ्याचा २४२, वेरूळचा २४३, ताजमहालाचा २५२. वहीत हा क्रमांक लिहिला की नावांचे घोळ उरत नाहीत.

पायरी दुसरी: नोंदीचं पान वाचायला शिका

पानावर मजकूर पुष्कळ असतो. निघण्यापूर्वी त्यातल्या दोन गोष्टी वाचल्याच पाहिजेत: निकष आणि हद्द.

निकष दहा आहेत. पहिले सहा सांस्कृतिक, उरलेले चार नैसर्गिक. पहिला निकष मानवी प्रतिभेच्या अजोड निर्मितीचा. दुसरा संस्कृतींमधल्या देवाणघेवाणीचा. तिसरा एखाद्या परंपरेच्या किंवा लोप पावलेल्या संस्कृतीच्या साक्षीचा. चौथा इतिहासातला एखादा टप्पा दाखवणाऱ्या वास्तुप्रकाराचा किंवा भूदृश्याचा. पाचवा माणसाच्या जमीन-पाणी वापरण्याच्या परंपरेचा. सहावा घटना, श्रद्धा किंवा विचारांशी असलेल्या थेट नात्याचा. सातवा निसर्गसौंदर्याचा, आठवा भूशास्त्राचा, नववा परिसंस्थांच्या चालू प्रक्रियांचा आणि दहावा जैवविविधतेचा.

हे पाठ करायची गरज नाही. आपण जातोय त्या जागेला कोणते निकष लागले तेवढं बघा, काय बघायचं ते आपोआप ठरतं. ताजमहाल फक्त पहिल्या निकषावर आहे. म्हणजे तिथे प्रेमकथा ऐकण्यापेक्षा कारागिरी बघायची: संगमरवरात बसवलेल्या रंगीत दगडांच्या वेली, अक्षरांच्या पट्ट्या, चौथऱ्याची प्रमाणं. पश्चिम घाट नवव्या आणि दहाव्या निकषावर आहेत, म्हणजे तिथे धबधब्यासमोरच्या फोटोचा नोंदीशी संबंध नाही. झाडं, बेडूक, फुलं, किडे हा तिथला मुख्य विषय आहे. मराठा लष्करी भूदृश्यं, म्हणजे बारा किल्ल्यांची मिळून झालेली नोंद, चौथ्या आणि सहाव्या निकषांवर आहेत. त्यामुळे गडावरचं देऊळ आणि पुतळा बघून उतरलात, तर ज्यासाठी नोंद झाली ती डोंगर आणि तटबंदीची सांगड तुम्ही पाहिलीच नाही.

दुसरी गोष्ट हद्दीची. नोंदीसोबत नकाशा असतो. त्यात मूळ क्षेत्र आणि भोवतीचं संरक्षक क्षेत्र वेगवेगळं दाखवलेलं असतं. मोजायचं ते मूळ क्षेत्र. पट्टदकलच्या नोंदीत बदामी आणि ऐहोळे येत नाहीत. तिन्ही ठिकाणं बघावीत अशीच आहेत, पण खूण पट्टदकलला गेल्यावरच करायची. पश्चिम घाटाच्या नोंदीत एकूण ३९ तुकडे आहेत: केरळात २०, कर्नाटकात १०, तमिळनाडूत ५ आणि महाराष्ट्रात ४. आपले चार म्हणजे कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी. महाबळेश्वर, माथेरान, लोणावळा यांत नाही. गोव्याचा घाटही नाही.

पायरी तिसरी: आपला नियम ठरवा आणि तो मोडू नका

एकाच जागेचं स्थळ असेल तर फारसा प्रश्न येत नाही. घारापुरीला गेलात, मुख्य लेणं पाहिलंत, झालं. पेच येतो तो अनेक ठिकाणं मिळून एक नोंद असते तेव्हा. राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांच्या नोंदीत सहा किल्ले आहेत: चितोड, कुंभलगड, रणथंभोर, गागरोन, आमेर आणि जैसलमेर. ल कोर्ब्युझिएच्या वास्तूंची नोंद तर सात देशांत पसरलेली आहे आणि चंडीगडचं कॅपिटॉल संकुल हा तिचा एक भाग आहे. सगळे भाग पाहिल्याशिवाय मोजायचं नाही म्हटलं तर वही आयुष्यभर कोरी राहील. एकावर भागवायचं म्हटलं तर त्याला अर्थ उरत नाही.

मी पेन्सिल आणि पेन वापरायला सांगते. अनेक तुकड्यांच्या नोंदीतला पहिला तुकडा पाहिला की पेन्सिलने खूण. त्या नोंदीतला प्रत्येक ‘प्रकार’ एकदा तरी पाहून झाला की पेनने. मराठा भूदृश्यांचं उदाहरण घ्या. त्यांतले बारा किल्ले प्रकारानुसार मांडलेले आहेत. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड आणि तमिळनाडूतला जिंजी हे डोंगरी किल्ले. प्रतापगड जंगलवेढ्या डोंगरावरचा. पन्हाळा पठारावरचा. विजयदुर्ग किनाऱ्यावरचा. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग बेटांवरचे. या पाच प्रकारांतला एकेक किल्ला नीट पाहिलात तर पेन उचलायला हरकत नाही. बाराही करायचे असतील तर फारच छान, त्यासाठी वहीत वेगळी ओळ ठेवा.

आणखी काही गोष्टी आधीच ठरवून टाका. विमानातून किंवा गाडीच्या खिडकीतून दिसलेलं मोजायचं नाही. आत जाता येत असताना बाहेरून पाहिलेलं मोजायचं नाही. लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिलेलं मोजायचं का? काही म्हणजे काहीच आठवत नसेल तर पेन्सिल. यादीत येण्यापूर्वी पाहिलेल्या जागेचं काय? मी ती धरते. २०२५ च्या आधी रायगड चढलेल्याला ‘तुझा रायगड धरला जाणार नाही’ असं कोण सांगणार! यादीतून काढलेल्या जागांचाही प्रश्न येतो. ओमानमधलं ओरिक्स हरणांचं अभयारण्य २००७ मध्ये, जर्मनीतलं ड्रेस्डेनचं एल्ब खोरं २००९ मध्ये आणि इंग्लंडचं लिव्हरपूल बंदर २०२१ मध्ये यादीतून वगळलं गेलं. अशा जागांसाठी वहीच्या शेवटी वेगळं पान असू द्या. त्या का वगळल्या गेल्या हे वाचण्यासारखं आहे. ड्रेस्डेनला खोऱ्यातून चौपदरी पूल बांधला म्हणून नाव गेलं.

पायरी चौथी: आधी जुने अल्बम काढा

नवं तिकीट काढण्यापूर्वी आजवर काय पाहिलंय ते तपासा. पर्यटन कंपनीबरोबर युरोप करून आलेल्या मराठी कुटुंबाच्या खात्यात बहुधा त्यांच्या नकळत बरीच स्थळं जमलेली असतात: पॅरिसचा सेन नदीचा काठ, पिसाचा चौक, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, व्हॅटिकन, कलोनचं कॅथेड्रल, ब्रसेल्सचा ग्रां-प्लास, अॅम्स्टरडॅमचे कालवे. युंगफ्राऊयोखला गेला असाल तर तेही युंगफ्राऊ–आलेच या नोंदीत येतं. आयफेल टॉवरची स्वतंत्र नोंद नाही, तो सेनच्या काठाच्या नोंदीत आहे. मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेल्यांनी स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, ग्रँड कॅनियन आणि यलोस्टोन यांवर खुणा कराव्यात. नायगारा मात्र यादीत नाही.

वहीत प्रत्येक स्थळाला एक पान द्या. क्रमांक, नाव, नोंदीचं वर्ष, निकष, भेटीची तारीख, सोबत कोण होतं आणि काय काय पाहिलं. खाली दोन-तीन ओळी फक्त ‘काय राहिलं’ यासाठी. पुढच्या भेटीत हीच ओळ सर्वांत उपयोगी पडते. बहुतेक ठिकाणी युनेस्कोचं चिन्ह असलेली पाटी किंवा शिळा असते. आत एक चौकोन आणि त्याला वेढणारं वर्तुळ, असं ते चिन्ह आहे. त्या पाटीचा फोटो पहिला काढा, म्हणजे पुढचे सगळे फोटो कुठले हे शोधत बसावं लागत नाही.

पायरी पाचवी: सुरुवात घरातून

महाराष्ट्राच्या वाट्याला सात नोंदी आहेत: अजिंठा, वेरूळ, घारापुरी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबईतली व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूह, पश्चिम घाट आणि मराठा लष्करी भूदृश्यं. शेवटच्या दोन इतर राज्यांबरोबर वाटून घेतलेल्या.

अजिंठा-वेरूळ. दिवस आधी ठरवा, मग गाडी. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. बुधवार-गुरुवार जमले तर गर्दीही कमी. दोन्ही एका दिवसात उरकायचा बेत कोणी सुचवला तर साफ नकार द्या. अजिंठा छत्रपती संभाजीनगरपासून साधारण १०० किलोमीटरवर आहे. जळगावहून ते बरंच जवळ पडतं, साधारण ६० किलोमीटर, त्यामुळे रेल्वेने येणाऱ्यांनी जळगावचा विचार करावा. खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावर लावावी लागते, पुढचे चार किलोमीटर बसने.

लेणी वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर कोरलेली आहेत आणि क्रमांक जागेप्रमाणे दिलेले आहेत, काळाप्रमाणे नाहीत. म्हणून पहिल्या लेण्यापासून सरळ सुरुवात केली की इतिहास उलटसुलट होतो आणि सतराव्यापर्यंत पाय बोलायला लागतात. माझा सल्ला: आधी ९ आणि १० बघा. हे इसवी सनपूर्व काळातले साधे चैत्य, म्हणजे पूजेची लेणी, आहेत, इथे बुद्धाऐवजी स्तूप पुजला जायचा. मग १९ आणि २६. हे पाचव्या शतकातले चैत्य. त्यांत स्तूपाच्या दर्शनी भागावर बुद्धमूर्ती आलेली दिसते आणि २६ व्या लेण्यात महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती आहे. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की बौद्ध धर्म कसा बदलत गेला ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्यानंतर १७ आणि १६, आणि शेवटी २ आणि १ चित्रांसाठी.

पहिल्या लेण्यात शिरल्यावर लगेच पुढे जाऊ नका. उन्हातून आलेल्या डोळ्यांना आत काही दिसत नाही. भिंतीपासून दूर, मध्ये दोन-चार मिनिटं थांबा. गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या हाताला हातात निळं कमळ धरलेला पद्मपाणी आहे. आधी मुकुट दिसतो, मग झुकलेल्या भुवया, मग खाली वळलेली नजर, आणि बऱ्याच वेळाने भोवतीची माणसं, माकडं आणि मोर. ही चित्रं दगडावर माती आणि भुश्शाचा लेप देऊन, वर चुन्याचा हात फिरवून, मग रंगवलेली आहेत. लेप सुटला की चित्र गेलं. म्हणून फ्लॅश नको आणि हातही नको. दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ला आपलं नाव कोरलेलं आहे. तेव्हा लेण्यात इतका राडारोडा साचला होता की आज ते नाव डोक्याच्या वर दिसतं. पण त्याने ओरखडा काढला तो बोधिसत्त्वाच्या चित्रावर, आणि तो कायमचा राहिला.

वेरूळला दुपारनंतर जा, कारण लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत आणि कलत्या उन्हात शिल्पं उठून दिसतात. एकूण ३४ लेणी: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सोळावं कैलास. खालून पाहून झालं की बाजूच्या चढावरून वर जाऊन कडेने खाली बघा. कळसापासून पायाकडे कोरत उतरलेलं देऊळ म्हणजे काय, ते वरूनच कळतं. पण कैलासवरच थांबू नका. दहावं विश्वकर्मा लेणं आणि बत्तिसावी इंद्रसभा राहिली तर तीन धर्मांची शेजारशेजारची वस्ती ही नोंदीतली मूळ गोष्टच राहून जाते.

घारापुरी सोमवारी बंद. गेटवेहून सकाळची पहिली बोट पकडा आणि तिथेच परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ विचारून ठेवा. जोरदार पावसात बोटी बंद राहतात. मुख्य लेण्यात सदाशिवाच्या तीन मुखांच्या मूर्तीसमोर उभं राहिल्यावर डावीकडचं मुख उग्र अघोर, उजवीकडचं हातात कमळ असलेलं सौम्य वामदेव, मधलं ध्यानस्थ तत्पुरुष. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो आता भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. त्याच आठवड्यात तोही बघून टाका.

मुंबईच्या दोन नोंदी एका सकाळीत पायी होतात. ओव्हल मैदानाच्या मध्यावर उभं राहा. पूर्वेला विद्यापीठ, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय: एकोणिसाव्या शतकातली टोकदार कमानींची गॉथिक मुंबई. पश्चिमेला १९३० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारती: गोलावलेले कोपरे, खिडक्यांवर भुवयांसारखे सज्जे, दारावर नक्षीदार अक्षरांत इमारतीचं नाव. इरॉस सिनेमा आणि मरीन ड्राइव्हच्या इमारती याच ओळीतल्या. नोंदीत एकूण ९४ इमारती आहेत. तिथून चालत सीएसएमटी. फ्रेडरिक स्टीव्हन्सने आराखडा केलेलं हे स्टेशन २००४ मध्ये यादीत आलं. लोकलच्या घाईत न दिसणाऱ्या गोष्टींसाठी रविवारी सकाळी जा: फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ (सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा), दगडी मोर, पागोळ्यांतून डोकावणारे प्राणी, घुमटावरची प्रगतीची मूर्ती. रोज लाखो माणसं वापरतात असं वारसास्थळ आपल्या वाट्याला आलं आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कास. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर. फुलांचा बहर सप्टेंबरमध्ये. माणसांची रोजची संख्या ठरवलेली आहे, त्यामुळे ऑनलाइन नोंदणी करून जा. जांभ्या कातळावर मातीचा जेमतेम थर, त्यात चार महिन्यांचं पाणी, असं हे रोपट्यांचं जग आहे. तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा लांबूनही दिसतो. गेंदाचे पांढरे ठिपके, सीतेची आसवं आणि दवबिंदूसाठी मात्र उकिडवं बसावं लागतं. दवबिंदूच्या पानांवरच्या चिकट थेंबांत किडे अडकतात आणि रोप त्यांवर जगतं, कारण कातळावरच्या मातीत नत्र फारसं नसतं. बसताना खाली काय आहे ते आधी बघा. आखून दिलेली वाट सोडून आत शिरणाऱ्यांमुळे या पठाराचं जेवढं नुकसान होतं तेवढं गुरांमुळेही होत नसेल.

पायरी सहावी: बारा किल्ल्यांची आखणी

११ जुलै २०२५ ला नोंद झाल्यापासून सगळ्यांना हेच विचारायचं असतं, म्हणून वेगळी पायरी.

जोड्या लावा. मालवणात मुक्काम करून सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग. महाड-पोलादपूर बाजूने रायगड आणि प्रतापगड. कोल्हापुरात राहून पन्हाळा, आणि त्याच फेरीत राधानगरी, म्हणजे पश्चिम घाटाचाही एक तुकडा होतो. पुण्याहून लोहगड, शिवनेरी आणि राजगड असे तीन वेगवेगळे दिवस. दापोलीला गेलात की हर्णैहून सुवर्णदुर्ग. अलिबागला गेलात की थळहून खांदेरी. साल्हेर नाशिक जिल्ह्यात बागलाणात आहे, उंची १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. त्याला पूर्ण दिवस आणि तयारीचे पाय लागतात.

बेटांवरचे तिन्ही पावसाळ्यानंतर, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. होडी ठरवताना उतरायची जागा आणि भरती-ओहोटी स्थानिक कोळ्यांनाच विचारा, आणि त्यांनी ‘आज नको’ म्हटलं तर हट्ट धरू नका. डोंगरी किल्ले पावसात हिरवेगार दिसतात, पण तटबंदी बघायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

काय बघायचं? राजगडावर बहुतेक जण पद्मावती माचीवर राहतात, बालेकिल्ला करतात आणि उतरतात. तुम्ही संजीवनी माचीच्या टोकापर्यंत जा. तिथे बुरुजाला बाहेरून दुसरा बुरुज चढवलेला आहे, मध्ये माणूस जाईल एवढी फट. बाहेरचा तोफेने ढासळला तरी आतला उभा राहावा, म्हणून केलेली ही चिलखती बांधणी. तट डोंगराच्या सोंडेबरोबर वळत जातो, कुठेही डोंगराशी भांडत नाही. नोंदीत ‘भूदृश्य’ म्हटलं आहे ते याला. रायगडाला दोरवाटेने गेलात तरी उतरताना पायऱ्यांनी उतरा, म्हणजे महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत कसा दडवला आहे ते कळेल. पायथ्याकडून येणाऱ्याला तो जवळ येईपर्यंत दिसत नाही. सिंधुदुर्गावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी चुकवू नका. खाऱ्या समुद्रात किल्ला लढू शकतो तो या पाण्यामुळे.

जिंजीला विल्लुपुरम किंवा तिरुवण्णामलैहून जायचं. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या मिळून हा किल्ला आहे. महाराजांनी तो १६७७ मध्ये घेतला आणि पुढे राजाराम महाराजांनी तिथूनच मोगलांशी झुंज चालू ठेवली. इतक्या लांब गेलात की तंजावरला जाऊनच या. तिथलं बृहदीश्वर मंदिर दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम यांच्यासह ‘महान जिवंत चोळ मंदिरं’ या नोंदीत आहे. त्या मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात, १८०३ मध्ये, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतलेला आहे. एवढा लांबलचक मराठी शिलालेख महाराष्ट्रातही मिळणार नाही.

पायरी सातवी: राज्याबाहेर जाताना जुळणी

एका मुक्कामात दोन-तीन नोंदी होतील अशी ठिकाणं निवडा. भोपाळला राहून सांची आणि भीमबेटका, दोन्ही साधारण ४५ किलोमीटरवर, विरुद्ध दिशांना. आग्र्याला ताज, किल्ला आणि फतेहपूर सिक्री, आणि तिथून पुढे भरतपूरचं केवलादेव. ताज शुक्रवारी बंद असतो, हे लक्षात न घेता आखलेल्या सहली दर वर्षी फसतात. अहमदाबादची जुनी वस्ती आणि पाटणची राणीची वाव एका फेरीत होतात, चांपानेरसाठी वडोदऱ्याला उतरा. दिल्लीत लाल किल्ला, हुमायूनची कबर आणि कुतुब.

गोव्याबद्दल एक सांगते. इतकी मराठी माणसं गोव्याला जातात आणि समुद्रावरून परत येतात. पणजीहून जुनं गोवं अवघं दहाएक किलोमीटर आहे. १९८६ पासून यादीत असलेली चर्च आणि मठ एका सकाळीत होतात. बॉम जेझूसचा गिलावा नसलेला जांभा आणि त्याच्या आतली सोन्याच्या मुलाम्याची वेदी, से कॅथेड्रलचा उरलेला एकच मनोरा, सेंट ऑगस्टीनचा पडका बुरूज. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला.

जंगलं आणि हिमालयाच्या नोंदी ऋतूवर चालतात. काझीरंगा पावसाळ्यात बंद असतं. फुलांची दरी जून ते ऑक्टोबर एवढीच उघडी. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला वहीत आधी या तारखा लिहा, उरलेल्या जागेत बाकीचं बसवा.

परदेशात पहिलं पाऊल टाकायचं तर नेपाळ आणि श्रीलंका सोपे. काठमांडू खोऱ्याच्या एकाच नोंदीत सात परिसर आहेत. पशुपतिनाथ करून परतणाऱ्यांनी पाटण आणि भक्तपूरला एकेक दिवस द्यावा. श्रीलंकेत अनुराधपुर, पोलोन्नरुव, सिगिरिया, दंबुल्ल आणि कँडी एका चांगल्या आठवड्यात होतात. दुबईत नातेवाईक असतील तर अल ऐनला गाडीने दीड-दोन तासांत जाता येतं. तिथले हाफित डोंगराजवळचे कांस्ययुगीन थडग्यांचे ढीग आणि खजुरांच्या बागांना पाणी वाटणारे फलज पाहिले की वाळवंटाकडे बघायची नजर बदलते.

पायरी आठवी: यादीच्या पुढे राहा

वारसा समितीची बैठक वर्षातून एकदा होते आणि यादी वाढते. त्यामुळे वर्षातून एकदा वही अद्ययावत करा आणि संभाव्य यादीवरही नजर ठेवा. आपल्यासाठी तिच्यातली सर्वांत मोलाची नोंद कोकणच्या कातळशिल्पांची, म्हणजे उघड्या कातळावर कोरलेल्या आकृत्यांची आहे. ती २०२२ मध्ये संभाव्य यादीत आली. रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातली कुडोपी, आणि गोव्यातलं फणसमाळ.

इथे मोठा बंदोबस्त नाही, गर्दी नाही आणि चित्रं पायाखाली आहेत. कशेळीला सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळावर, कोरलेल्या हत्तीच्या अवाढव्य आकृतीच्या आत दुसरे प्राणी भरलेले आहेत. गावात विचारून, स्थानिक माणूस सोबत घेऊन जा आणि त्याला त्याचे पैसे द्या. पावसाळ्यात रेषा गवताखाली जातात, तेव्हा डिसेंबरनंतर जा. भर दुपारी ऊन डोक्यावर आलं की खोदलेल्या रेषा सपाट दिसतात. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर तिरपं ऊन पडतं तेव्हाच त्या उठतात. रेषांवर पाय देऊ नका, आणि फोटोत नीट दिसाव्यात म्हणून त्यांत खडू, चुना किंवा पाणी भरू नका. कडेच्या उंचवट्यावरून आकृती पूर्ण दिसते. बहुतेक ठिकाणी जांभ्या दगडांचा गडगा घातलेला असतो, त्याच्या बाहेरूनच बघा.